एका रकान्याचा इतिहास

ठाणे जिल्ह्यात मानपाडा या नावाची दोन ठिकाणे आहेत. एक ठाणे शहराच्या उत्तरेस, येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी, घोडबंदरच्या रस्त्याला लागून. दुसरे डोंबिवलीच्या पूर्वेस, स्टेशनाकडून आलेला रस्ता कल्याण-शीळ मार्गाला जिथे मिळतो त्या बाजूस. दोन्ही नावांतला 'पाडा' त्यांच्या मूळच्या लहानपणाची साक्ष देतो. आज दोन्हीकडे उंचच उंच इमारती उभ्या आहेत, आणि पार्सल घेऊन निघालेला मुलगा फोनवर पहिला प्रश्न विचारतो तो 'कुठला मानपाडा?' हाच. उत्तर मिळाले की तो योग्य वाटेला लागतो. या दोहोंपैकी खरा मानपाडा कोणता आणि नावापुरता कोणता, असे कुणी विचारल्याचे मात्र माझ्या ऐकिवात नाही.

मी ठाण्याच्या मानपाड्यात राहतो. आयुष्याची उमेदीची वर्षे शाळामास्तरकीत गेली आणि त्यांतली बरीचशी शाळेच्या दफ्तराशी झटण्यात गेली, म्हणून शेजारपाजारची मंडळी अजूनही दाखले, अर्ज आणि प्रतिज्ञापत्रे घेऊन माझ्याकडे येतात. गेल्या उन्हाळ्यात नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात आमच्या शेजारच्या एक बाई भेटल्या. त्यांची ओळख पटेल असे मी येथे काही लिहिणार नाही. एवढेच सांगतो की त्या घरात दोघी स्त्रिया गेली अनेक वर्षे एकत्र संसार करीत आहेत आणि त्यांना एक मुलगी आहे, जी एकीला आई आणि दुसरीला माई म्हणते. मुलगी दत्तक घेतलेली, पण दत्तकविधानाच्या आदेशावर नाव एकट्या आईचे. कारण आपल्या कायद्याने एकट्या स्त्रीला मूल दत्तक घेता येते, दोघींना मिळून घेता येत नाही. माईंना हॉलंडमधल्या हेग शहरी नोकरी मिळाली होती, आणि तिकडच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेचा प्रवेशअर्ज बाईंच्या हातात होता. त्यावर 'वडील' आणि 'आई' असे शब्दच नव्हते. 'पालक १' आणि 'पालक २' अशा दोन ओळी होत्या. पहिली ओळ भरलेली होती. दुसरीवर पेन टेकवून बाई थांबल्या होत्या आणि मला विचारीत होत्या, "सर, इथे तिचं नाव लिहिलं तर आपल्याकडच्या कागदांशी विसंगत नाही ना होणार?"

त्या प्रश्नाचे उत्तर मी तेव्हा दोन वाक्यांत दिले, पण तो मनातून गेला नाही. परदेशात आपल्या मुलाला सन्मानाने सामावून घेणारी शाळा कशी शोधावी, ही चिंता वरवर पाहता अगदी आजची, विमानाने आलेली वाटते. प्रत्यक्षात ती आपल्याच शाळांच्या उंबरठ्यावर दीर्घकाळ तिष्ठत उभी राहिलेली चिंता आहे, आणि तिचा इतिहास एका रकान्याचा इतिहास आहे.

इंग्रजी अमलात १८५४ च्या शिक्षणविषयक खलित्यानंतर १८५५ साली मुंबई इलाख्यात शिक्षणखाते स्थापन झाले, शाळांना सरकारी अनुदान मिळू लागले, आणि अनुदान म्हटले की हिशेब व हिशेब म्हटला की नोंदवही, या न्यायाने पंतोजीच्या ओसरीवर ज्याची कधी गरज भासली नव्हती ते दाखल-खारीजचे बाड शाळेच्या कपाटात येऊन बसले. पुढे त्यालाच जनरल रजिस्टर म्हणू लागले. तांबड्या शाईने आखलेली ती लांबरुंद पाने ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ठाऊक आहे की त्यातली नोंद ही दगडावरची रेघ असते. एकदा लिहिलेले नाव बदलायचे तर शिक्षणाधिकाऱ्यांची मंजुरी आणावी लागते. मराठी माणसाच्या नावाची घडणच अशी की स्वतःचे नाव व आडनाव यांच्या मधोमध वडील बसलेले असतात, तेव्हा रजिस्टरानेही तीच वहिवाट उचलली. आपली भाषाही त्या रकान्याला हातभार लावते. 'आईचे नाव' हे एकवचनी आणि 'वडिलांचे नाव' हे आदरार्थी बहुवचनी, असा भेद आपण बोलताना पदोपदी करतो आणि तो केल्याचे आपल्या ध्यानातही येत नाही.

या रकान्याची सर्वांत जुनी कथा छांदोग्य उपनिषदाच्या चौथ्या अध्यायात आहे. सत्यकाम गुरुगृही जायला निघाला तेव्हा त्याने आईला आपले गोत्र विचारले, आणि जबालेने सांगितले की तारुण्यात अनेकांची सेवा करीत फिरत असता तू मला झालास, तुझे गोत्र मला माहीत नाही; माझे नाव जबाला आणि तुझे सत्यकाम, तेव्हा तू सत्यकाम जाबाल असेच सांग. हारिद्रुमत गौतमांनी ते ऐकून घेतले व मुलाला ठेवून घेतले. ही कथा आपण सत्यनिष्ठेचा पाठ म्हणून शिकवतो. मला ती नेहमी प्रवेशाची कथा वाटत आली आहे: आईचे नाव पुढे करून मूल दाराशी उभे राहिले, आणि ज्याच्या हाती दार होते त्याने ते उघडले. मात्र उघडताना असे सत्य ब्राह्मणावाचून कोण बोलेल, असा निर्वाळाही त्याने दिला, म्हणजे रकाना सोडून दिला नाही, आपल्या अनुमानाने भरून घेतला. गौतमांचे औदार्य आणि त्या औदार्याची मर्यादा या दोन्ही गोष्टी पुढच्या सबंध इतिहासात पुन्हा पुन्हा भेटतात.

१८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाने प्रवेशासाठी अर्ज केला. शाळा सरकारी, पैसा रयतेचा, खाते नुकतेच 'सर्वांसाठी' म्हणून उघडलेले. तरीही मुंबई सरकारने त्याला प्रवेश देण्याचे नाकारले, कारण तो आला तर इतर मुले निघून जातील अशी भीती होती. 'इतर पालक काय म्हणतील' हे शब्द मी माझ्या नोकरीत इतक्या वेळा ऐकले आहेत की त्यांचे वय किती मोठे आहे हे कळल्यावर मला त्यांची अधिकच लाज वाटली. सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात संमत होऊन सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या व्हाव्यात असे ठरले, ते १९२३ च्या ऑगस्टात. धारवाडच्या त्या अर्जानंतर सदुसष्ट वर्षांनी.

कायदा असा सावकाश येत असताना पुण्यात जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मात्र वाट पाहिली नाही. १८६३ साली त्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. तिथे आलेल्या काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनी दत्तक घेतला, त्याचे नाव यशवंत ठेवले व त्याला डॉक्टर केले. त्याच्या नावाच्या मध्यभागी जोतीराव आले ते जन्माने नव्हे, निश्चयाने. १८९७ च्या प्लेगात याच यशवंताच्या दवाखान्यात रोगी पोहोचविताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि त्यातच त्या गेल्या. कुटुंब रक्ताने ठरते की सांभाळण्याने, या प्रश्नाला मराठी मुलखात याहून समर्पक उत्तर माझ्या पाहण्यात नाही.

कर्वे पितापुत्रांचे उदाहरण आपल्या विषयाच्या आणखी निकटचे आहे. धोंडो केशव कर्वे यांनी १८९६ साली अनाथ बालिकाश्रम काढला आणि पुढे तो हिंगण्यास नेला, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे पुत्र रघुनाथ यांना संततिनियमनाच्या प्रचारापायी १९२५ मध्ये विल्सन कॉलेजातली गणिताची प्राध्यापकी सोडावी लागली, आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक एकहाती चालविले. त्यात वाचकांच्या लैंगिक शंकांना ते शास्त्राच्या आधारे उत्तरे देत, व समलिंगी आकर्षणाविषयीच्या प्रश्नांनाही त्याच समतोल वृत्तीने देत. त्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला तेव्हा १९३४ साली मुंबई उच्च न्यायालयात त्यांच्या बाजूने उभे राहिले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. निकाल विरुद्ध गेला, दोनशे रुपये दंड झाला. पण ज्या हातांनी पाणवठा आणि शाळा खुल्या करण्यासाठी लढा दिला त्याच हातांनी हे वकीलपत्र घेतले होते, याचा अर्थ आपण पुरेसा मनावर घेतलेला नाही. ज्या दंडविधानाने समलिंगी संबंध गुन्हा ठरविला ते १८६० चे, १८६२ पासून अमलात आलेले. म्हणजे शिक्षणखाते आणि समलिंगी संबंधांविषयीचे कलम ३७७ ही एकाच इंग्रजी अमलाने सात वर्षांच्या अंतराने दिलेली देणगी होय. ते कलम प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी निष्प्रभ केले.

येथे मी स्वतःची एक चूक सांगितली पाहिजे. शाळेचे नाव सांगत नाही. चूक माझी होती. नव्वदीच्या दशकात एक बाई मुलाला पहिलीत घालायला आल्या. वडिलांच्या नावाचा रकाना आला तेव्हा त्या गप्प राहिल्या. मी म्हटले, "बाई, हा रकाना कोरा ठेवता येत नाही." त्यांनी भिंतीकडे पाहत एक नाव सांगितले, मी ते निळ्या शाईने लिहिले. हजेरी घेताना ते नाव मी वर्षभर उच्चारले, आणि प्रत्येक वेळी तो मुलगा 'हजर' म्हणण्यापूर्वी क्षणभर थांबायचा. ते नाव बाईंना तत्क्षणी सुचलेले होते, हे मला तो दहावी झाल्यावर समजले. तोवर ते त्याच्या प्रमाणपत्रावर छापले गेले होते.

त्यानंतर कायदा हळूहळू वळला. १९९९ मध्ये गीता हरिहरन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आईलाही नैसर्गिक पालक मानता येईल असा कायद्याचा अर्थ लावला. २०१५ मध्ये अविवाहित मातेला मुलाच्या पित्याचे नाव उघड न करता पालकत्व मागता येईल असा निर्णय दिला. २०१६ च्या अखेरीस पारपत्राच्या अर्जात एकाच पालकाचे नाव पुरेसे ठरले. आणि महाराष्ट्र शासनाने मार्च २०२४ मध्ये असे ठरविले की १ मे २०२४ रोजी वा नंतर जन्मलेल्यांच्या नावाची नोंद बालकाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे व शेवटी आडनाव या क्रमाने व्हावी. जबालेचे नाव अखेर दफ्तरात आले.

परंतु माईंचे नाव कोणत्या रकान्यात लिहावे, याचे उत्तर यांतल्या एकाही फर्मानात नाही. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने समलिंगी विवाहाला मान्यता देण्याचे काम संसदेचे आहे असे ठरविले. दत्तकविधानाच्या नियमातील आडकाठी घटनाबाह्य आहे, असे सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड आणि न्यायमूर्ती संजय किशन कौल यांचे मत पडले, पण ते अल्पमत ठरले. २०२४ मध्ये केंद्र सरकारने अशा सहचरांना शिधापत्रिकेसाठी एका कुटुंबातील मानावे असे राज्यांना कळविले. दोघींचा गहू-तांदूळ एका पत्रिकेवर येऊ शकतो, त्यांची लेक मात्र दोघींच्या नावावर येऊ शकत नाही, अशी आजची स्थिती आहे. मे २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने विवाह हाच कुटुंब उभारण्याचा एकमेव मार्ग नव्हे असे म्हटले, तेव्हा मला यशवंताची आठवण झाली.

आता ज्या शाळांच्या नावात 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द असतो त्यांच्याकडे वळू. घोडबंदरच्या रस्त्यावर तो शब्द पाटीपाटीवर आहे, पण त्याची जन्मकथा फारशी कुणी सांगत नाही. राष्ट्रसंघाची कचेरी जिनीव्हास आल्यावर तिथे देशोदेशीचे अधिकारी सहकुटुंब राहू लागले आणि त्यांच्या मुलांना गावातल्या शाळांचा साचा बसेना. म्हणून १९२४ साली शिक्षणतज्ज्ञ अडोल्फ फेरिएर यांच्या घराच्या आवारातील एका लाकडी बंगलीत अवघ्या आठ मुलांनिशी जिनीव्हाची आंतरराष्ट्रीय शाळा सुरू झाली. दोनच वर्षांनी, कमलाबाईंच्या आजारपणामुळे नेहरू कुटुंब मुंबईहून बोटीने तिकडे गेले तेव्हा लहानगी इंदिरा याच शाळेत जात असे. तेव्हा आंतरराष्ट्रीय शाळा जन्मली तीच मुळी रकान्यात न बसणाऱ्या मुलांसाठी. पण तो रकाना राष्ट्राचा व भाषेचा होता. कुटुंबाची कल्पना तिथेही एकच होती, नोकरदार वडील व त्यांच्यामागून आलेली आई. म्हणून पाटीवरचा तो शब्द पाहून दोन आयांच्या वा दोन वडिलांच्या घराने निश्चिंत होऊ नये, असे मी शेजारच्या बाईंना सांगितले.

शाळेत कुटुंबाचा रकाना कसा बंद राहतो, याचा दाखला इंग्लंडने दिला आहे. तिथे १९८३ साली एका लहान मुलीचे आपल्या वडिलांबरोबरचे व त्यांच्या जोडीदाराबरोबरचे रोजचे जीवन दाखविणारे, मूळ डॅनिश भाषेतले एक चित्रपुस्तक इंग्रजीत आले. त्यावरून उठलेल्या वादळाचा शेवट १९८८ च्या स्थानिक स्वराज्याच्या कायद्यातील कलम २८ मध्ये झाला, आणि त्या कलमाने अशा घरांना बतावणीचे कौटुंबिक नाते असे नाव दिले. त्या कलमाखाली एकही खटला सिद्धीस गेला नाही. तरी शिक्षकांच्या तोंडाला कुलूप बसले, आणि ज्या मुलांची घरे तशी होती त्यांना आपल्या घराविषयी बोलण्याची सोय वर्गात उरली नाही. ते स्कॉटलंडात २००० साली व इंग्लंडात २००३ साली रद्द झाले. रकाना न लिहिताही बंद करता येतो, हे मी त्या पंधरा वर्षांवरून शिकलो.

उलट हॉलंडने १ एप्रिल २००१ रोजी जगात पहिल्यांदा समलिंगी विवाह मान्य केला, २०१२ पासून शाळांत लैंगिक विविधतेविषयी आदर शिकविणे अभ्यासक्रमाचा भाग केले, आणि २०१४ पासून दुसऱ्या आईला ठरावीक परिस्थितीत जन्मापासूनच कायदेशीर माता मानले. सहमाता अशा अर्थाचा एक शब्दच डच भाषेत रूढ आहे. आपली मराठी मंडळी जिथे मोठ्या संख्येने जातात त्या आखातात मात्र शाळा कितीही सुंदर असो, शिक्षिका कितीही मायाळू असो, देशाचा कायदा फाटकाशी उभा असतो, आणि तिथे मुलाला 'घरी कोण कोण आहे' या प्रश्नाचे खोटे उत्तर पाठ करवावे लागते. सिंगापुराने जुने ३७७ अ कलम रद्द केले, पण त्याच वेळी विवाहाची व्याख्या बदलण्याची वाट घटनादुरुस्तीने अधिक बिकट केली. हाँगकाँगच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी सहचराला अवलंबिताचा परवाना देवविला. तेव्हा शाळा निवडण्याआधी मुलूख निवडावा लागतो, ही कटू गोष्ट आहे, पण ती लपविण्यात कुणाचे हित नाही.

बाईंनी शाळेला काय काय विचारावे याची आम्ही दोघांनी माझ्या ओसरीवर बसून चर्चा केली. मी मास्तर असल्याने मला सुचले ते दफ्तराचे व वर्गाचे. मुलगी खेळताना पडली आणि आई गावात नसली तर दवाखान्यात माईंची सही चालेल काय? शाळा सुटल्यावर तिला न्यायला येण्याच्या यादीत माईंचे नाव नाते लिहून असेल, की 'परिचित' म्हणून? आणि 'माझे कुटुंब' या विषयावर चित्र काढायला सांगतील तेव्हा बाई वर्गाला आधी काय सांगतील? हा शेवटचा प्रश्न बाईंनी वहीत दोनदा अधोरेखित केला. शाळेचे उत्तर आले त्यात धोरणाची लांबलचक कलमे होती. ती आम्ही वाचली. पण माझे मन निश्चिंत झाले ते त्याखालच्या एका ओळीने, जिच्यात वर्गशिक्षिकेने विचारले होते की मुलगी त्या दोघींना काय म्हणून हाक मारते, म्हणजे मलाही तेच शब्द वापरता येतील.

कागदांचे काम राहिले होते. परदेशी चालणाऱ्या दाखल्यावर अपॉस्टिलचा शिक्का लागतो. त्यासंबंधीचा करार १९६१ साली हेग येथेच झाला आणि २००५ पासून भारत त्यात आहे. सही आणि मोहर खरी आहे एवढेच तो शिक्का सांगतो. दाखल्यात जे लिहिलेले नाही ते तो लिहू शकत नाही. त्यामुळे सर्व शिक्के होऊनही मुलीच्या एकाही भारतीय कागदावर माईंचे नाव आले नाही. शाळेच्या अर्जावर दुसऱ्या ओळीत मात्र ते बाईंनी लिहिले, आणि सोबत दोघींच्या सहीचे एक प्रतिज्ञापत्र जोडले.

शाळा सोडल्याचा दाखला आणायला मी त्यांच्याबरोबर गेलो. कार्यालयातले कारकून तरुण होते. प्रगती, वर्तणूक हे रकाने भरून ते 'शाळा सोडण्याचे कारण' येथे थांबले. तिथे सहसा 'वडिलांची बदली' असे लिहितात. त्यांच्या समोरच्या वहीत त्या पानावर तेच कारण तीन-चार ओळींत ओळीने होते. बाकावर आई आणि माई शेजारी शेजारी बसल्या होत्या, मुलगी दोघींच्या मध्ये पाय हलवीत होती. कारकुनांनी एकदा तिकडे पाहिले आणि काही न विचारता लिहिले : 'पालकांसोबत परदेशी जात असल्यामुळे'. मग ओल्या शाईवर टीपकागद दाबून त्यांनी दाखला सहीसाठी मुख्याध्यापकांकडे पाठविला.